नोकरांची पानं

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्यालाही सांगितलेलं नाही — आणि त्याला मी गॅसचा सिलिंडर कधी बदलला तेसुद्धा सांगते. बहिणीला नाही, मैत्रिणींना नाही. तुम्ही मला ओळखत नाही, तेव्हा तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. पण सकाळपासून फ्रीज पुसून झाला, माळ्यावरचे डबे उतरवून परत चढवून झाले, आणि आता दुपारी कुठे टेबलाशी बसले आहे. सोपं नाही.

सुरुवात कुठून करू? खरं तर एका उकडलेल्या अंड्यापासून करायला हवी. पण तुम्ही हसाल. म्हणून आधी थोडं माझ्याबद्दल सांगते.

मी याद्या करणारी बाई आहे. जुन्या कॅलेंडरची पानं चौकोनी कापून त्यांची गड्डी मी स्वयंपाकघरात अडकवून ठेवते. मागच्या कोऱ्या बाजूवर दिवसाची कामं. झालं की खूण. धनकवडीच्या आमच्या सोसायटीत पाण्याचा टँकर, लिफ्टची दुरुस्ती, गणपतीचा मांडव — सगळं फिरून माझ्याकडेच येतं, कारण माझ्याकडे आलेलं काम राहत नाही. लोक तोंडावर कौतुक करतात आणि जिन्यात "हेडमास्तरीण आली" म्हणतात. दोन्ही मला ऐकू येतं. दोन्ही खरं आहे.

माझी चैन एकच — इंग्रजी रहस्यकथा. जुन्या धाटणीच्या, अस्सल ब्रिटिश. एक खेडं, एक चर्च, एक मोठं घर, घरात एक प्रेत, आणि पावसात भिजत आलेला इन्स्पेक्टर, ज्याला सगळे आधी चहा विचारतात. मला त्या का आवडतात? कारण शेवटी सगळं जागेवर जातं. हरवलेला हातमोजा, बंद पडलेलं घड्याळ, उशिरा आलेली गाडी — काही म्हणून फुकट जात नाही. माझ्या सोसायटीत असं कधी झालेलं नाही.

ही चैन मला लावली मेश्राम बाईंनी. आमच्या खालच्या मजल्यावर राहायच्या. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. मूळच्या नागपूरच्या, यजमानांची नोकरी खडकवासल्याकडे होती म्हणून पुण्यात आल्या आणि इथल्याच झाल्या. यजमान गेले, मुलगी प्रज्ञा नागपुरात बँकेत लागली, बाई एकट्याच राहिल्या. एकट्या म्हणजे कशा — ऐटीत. बुद्धपौर्णिमेला अख्ख्या बिल्डिंगला खीर, आणि ज्यानं वाटी परत केली नाही त्याला वर्षभर टोमणे.

त्यांच्या कपाटाच्या एका बाजूला रहस्यकथा आणि दुसऱ्या बाजूला जाडजूड इतिहास. इंग्लंडचे राजे, कंपनी सरकार, छावण्या, लढाया. मी एकदा म्हटलं, "बाई, या दोन टोकांचं तुम्हाला जमतं कसं?" तर म्हणाल्या, "टोकं कुठली? एकच तर आहे. कोणीतरी मेलेलं असतं आणि सगळे खोटं बोलत असतात."

मला बाई आवडायच्या. हे आत्ताच लिहून ठेवते, कारण पुढे तुम्हाला ते खरं वाटणार नाही.

त्या कथांमध्ये बहुतेक वेळा एक म्हातारा कर्नल असतो, पुण्याला नोकरी करून मायदेशी परतलेला. तो आला की बाई खूश. "आला बघ आपल्या कॅम्पातला! हा आमटी मागवणार आता." पण त्यांचं खरं लक्ष असायचं नोकरांवर. स्वयंपाकीण, मोलकरीण, माळी. त्याचं कारण त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. त्यांचा पणजोबा कामठीच्या छावणीत एका साहेबाच्या बंगल्यावर पंखा ओढायचा. पंख्याची दोरी पायाला बांधून व्हरांड्यात बसायचं आणि पाय हलवत राहायचं. "आत साहेब लोक काय काय बोलायचे ते सगळं ऐकलं असेल त्यानं," बाई म्हणाल्या. "पण त्याला विचारलं कोणी? कोणत्या पुस्तकात आहे तो? म्हणून मी नोकरांचं पान आलं की कान टवकारते. साहेब खोटं बोलतात, नोकर नुसते बोलतात. तिथं ऐकायचं."

हे मला त्यांनी सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत होतं. हे लक्षात ठेवा.

आमचा एक खेळ होता. शेवटची थोडी प्रकरणं उरली की बाई वर्गात करायच्या तसा हात वर करायच्या आणि म्हणायच्या, "थांब. पुस्तक मीट." मग निकाल. निकाल म्हणजे नुसतं नाव सांगून भागायचं नाही. का, कसं, कशावरून — सगळं. "पुराव्याशिवाय बोलायचं नाही," हे त्यांचं वाक्य शाळेतल्या मुलींनी इतक्या वेळा ऐकलं असेल की त्यांच्या नातवंडांनाही ते पाठ असेल. बाईंचा निकाल जवळजवळ नेहमी बरोबर यायचा. माझा जवळजवळ नेहमी चुकायचा. "अगं नीलिमा," त्या चष्मा पुसत म्हणायच्या, "सगळं जग बसतं तुझ्या यादीत, एक खुनी तेवढा बसत नाही."

मी हसायचे. वर घरी आल्यावर हसायचे का? — नाही.

मग बाईंचे डोळे गेले. पूर्ण नाही. मधलं दिसेनासं झालं, कडा राहिल्या. दार दिसायचं, दारात उभ्या माणसाचा चेहरा नाही. पान दिसायचं, अक्षर नाही. बाई रडल्या-बिडल्या नाहीत. स्वयंपाकघर हातानं पाठ केलं, गॅसच्या बटणावर दोरा गुंडाळला, चहा पूर्वीइतकाच कडक. प्रज्ञा नागपूरला चल म्हणून मागे लागली तर म्हणाल्या, "डोळे गेले, डोकं आहे ना? डोक्यावर घर चालतं." त्यांच्याकडे दागिने नव्हते, जमीन नव्हती, माहेरचा आधार नव्हता. डोक्याच्या जोरावर त्या इथपर्यंत आल्या होत्या. हे त्या बोलून दाखवत नसत. पण त्यांच्या बसण्यात ते होतं.

मी त्यांना पुस्तकं वाचून दाखवते असं सांगितलं. कोणी गळ घातली नव्हती. खिरीच्या दिवशी, प्रज्ञासमोर, बिल्डिंगमधल्या सगळ्या बायकांसमोर म्हटलं — "बाई, दर गुरुवारी मी येत जाईन." सगळ्यांनी माझ्याकडे कसं बघितलं ते अजून आठवतं. चांगलं वाटलं होतं.

आता तुम्हीच बघा — मोठ्यानं वाचायला किती वेळ लागतो ते कधी अनुभवलंय का? मनात वाचताना एका बैठकीत संपतं ते पुस्तक मोठ्यानं वाचताना संपता संपत नाही. त्यात बाई मध्येच थांबवणार, "परत वाच ते वाक्य" म्हणणार, मग त्या काळात इंग्लंडात कोळसा कसा महाग झाला होता ते सांगणार. आणि मला तर धीर नव्हताच. नवं पुस्तक आलं की मी आधी घरी संपवायची. खुनी कोण ते मला माहीत, आणि मी तिथे बसून बागेचं वर्णन वाचतेय. डोक्यात पुढची कामं. टाकी साफ करणारे येऊन गेले का? डाळ भिजत घातली का?

मी पानं गाळायला लागले.

आधी हवामान. मग बाग. मग चर्चची जत्रा. मग — स्वयंपाकघर. स्वयंपाकीण मोलकरणीशी बोलते, वाण्याला नावं ठेवते, आपले गुडघे किती दुखतात ते सांगते. त्यात काय ऐकायचं? मला ती पानं नेहमीच कंटाळवाणी वाटत आली होती. माझ्याकडे कितीतरी वर्षं कामाला येणाऱ्या मावशींचं आडनाव मला आजही सांगता यायचं नाही. गाळण्याचंही एक तंत्र असतं. बोट आधीच पुढच्या पानात घालून ठेवायचं, म्हणजे पान उलटल्याचा आवाज एकदाच येतो. हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

आता ते अंडं.

गोष्ट अशी होती. एक श्रीमंत आत्या मरते, घरात पाहुणे भरलेले. एका पानावर स्वयंपाकीण कुरकुर करते, की भाच्याच्या खोलीत नाश्त्याचा ट्रे पाठवला तो तसाच परत आला, अंडं फोडलेलंसुद्धा नाही. एवढंच. पण त्याचा अर्थ, भाचा सकाळी खोलीत नव्हताच. सगळी गोष्ट त्या अंड्यावर उभी होती. आणि ते पान मी गाळलं होतं. मुद्दाम नाही. खरंच नाही. स्वयंपाकघर दिसलं आणि माझं बोट पुढे गेलं.

बाईंनी हात वर केला, पुस्तक मिटायला लावलं आणि निकाल दिला. सेक्रेटरीनं केला म्हणाल्या. पुरावे इतके व्यवस्थित मांडले की मलाच वाटलं, हो की. मग मी शेवट वाचला. इन्स्पेक्टर सगळ्यांना दिवाणखान्यात बसवतो आणि म्हणतो, त्या अंड्याचं काय?

"अंडं?" बाई म्हणाल्या. "कोणतं अंडं?"

मी थांबले.

"अगं, हे कुठं आलं होतं?"

दोन वाक्यांत मिटलं असतं. बाई, माझ्याकडून पान राहिलं. कंटाळा आला म्हणून गाळलं. त्यांनी मला फाडून खाल्लं असतं, "आळशी कुठली" म्हणाल्या असत्या, आणि मग आम्ही दोघी हसलो असतो. एवढंच झालं असतं. पण मला "आळशी" ऐकायचं नव्हतं. ज्या बाईचं एकही काम राहत नाही तिला हे कसं ऐकवेल? मी म्हटलं —

"आलं होतं बाई. मागच्या गुरुवारी. स्वयंपाकीण नाही का म्हणाली? तुम्ही विसरलात."

बाईंनी मांडीवरचे दोन्ही हात एकमेकांत धरले. मग म्हणाल्या, "असेल."

तुम्ही म्हणाल, हीच ना ती कबुली? झालं ना सांगून? मीसुद्धा कितीतरी दिवस स्वतःला हेच सांगत होते — एकदा तोंडून निघून गेलं, पुढे निस्तरता आलं नाही. पण तसं नाही. मी अजून पोचले नाही.

त्यानंतर काही गुरुवार मी शब्द न् शब्द वाचला. मनाशी तसं ठरवलं होतं. मग एक पुस्तक आलं, एका पाद्र्याच्या घरातलं. ते मी आधी वाचलेलं होतं, सगळा पेच कोणत्या पानावर आहे ते मला माहीत होतं. मोलकरणीला पाद्र्याच्या बुटांना लागलेली लाल माती दिसते, ते पान. ते पान जवळ आलं. त्या दिवशी मला घाई नव्हती. डाळ भिजत नव्हती, टँकर यायचा नव्हता. आणि तरी माझं बोट पुढच्या पानात होतं.

का? मी या प्रश्नाभोवती खूप फिरले आहे. उत्तर फार छोटं आहे. मला एकदा जिंकायचं होतं.

शेवट आला तेव्हा बाईंनी हात वर केला, पण नेहमीसारखा ताठ नाही. त्यांनी कर्नलचं नाव घेतलं. मी म्हटलं, "मला पाद्री वाटतो, बाई," आणि कारणं सांगितली. चोरलेली. मग शेवट वाचला. बाई ऐकत राहिल्या आणि टाळी वाजवून म्हणाल्या, "वा! पोरगी तयार झाली माझी." त्यांच्या आवाजात जराही खोट नव्हती. माझ्या यशानं त्या खरोखर खूश झाल्या होत्या. मग हळूच म्हणाल्या, "ती माती मात्र मला आठवत नाही गं. आली होती का?"

"आली होती."

आणि मग आणखी एकदा. आणि मग आणखी.

बाई स्वतःची परीक्षा घ्यायला लागल्या. गुरुवारी मी बसले की आधी त्या गेल्या वेळचं सगळं म्हणून दाखवायच्या. कोण कुठे बसलं होतं, कोणाच्या कोटाचं बटण तुटलं होतं, कर्नलच्या कुत्र्याचं नाव. एक गोष्ट सुटायची नाही. मी वाचलेलं सगळं त्यांना पाठ होतं. म्हणून दाखवून झालं की माझ्या दिशेनं मान वळवायच्या — त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता, नुसती कड दिसत होती — आणि विचारायच्या, "काही राहिलं का गं?"

मी काय सांगणार होते? मी गप्प बसायची. आणि त्या गप्प बसण्याचा अर्थ त्या लावायच्या.

प्रज्ञाला त्यांनी स्वतःच फोन करून बोलावून घेतलं. आम्ही तिघी डॉक्टरकडे गेलो. तरुण डॉक्टर, नम्र. आज वार कोणता, महिना कोणता, शंभरातून सात वजा करत जा, हे शब्द लक्षात ठेवा आणि थोड्या वेळानं सांगा. बाईंनी सगळं बरोबर सांगितलं, वर त्याच्या मराठीतली एक चूक काढली. डॉक्टर हसले. "वयाच्या मानानं उत्तम आहे."

"हा पोरखेळ झाला, डॉक्टर," बाई म्हणाल्या. घाबरल्या की त्यांची नागपुरी वर यायची. "माझी खरी परीक्षा दर गुरुवारी होऊन राहिली. आणि मी नापास होऊन राहिली आहे. पुरावा आहे माझ्याजवळ."

बघा ना — त्या आपल्या नियमाला धरूनच वागत होत्या. डॉक्टरच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही, पुराव्यावर ठेवला. पुरावा मी तयार केला होता.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्ही वाचून दाखवता ना यांना? तुम्हाला काय वाटतं?"

प्रज्ञा माझ्याकडे बघत होती. बाईंनीही मान वळवली. मला अजून त्या खोलीतला पडदा आठवतो, निळा, कडा उसवलेला. मी म्हटलं, "तशा छान आहेत हो. गोष्टीतलं... कधीकधी निसटतं."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.

डोळे गेले तेव्हा बाई घाबरल्या नव्हत्या. आता घाबरल्या. आधी त्यांनी गॅस बंद केला. "चालू राहिला आणि विसरले तर?" मग जिना उतरून बागेपर्यंत एकटं जाणं बंद. मग दाराला आतून कडी लावणं बंद. चहा मी थर्मासमधून नेऊ लागले, आणि त्या "कडक नाही झाला" असंही म्हणायच्या नाहीत. माझा चहा कधीच कडक होत नाही.

प्रज्ञा मला म्हणाली होती, "ताई, हल्ली पुस्तकं फोनवर ऐकता येतात. आईला लावून देऊ का? तुमचाही वेळ वाचेल." ते अंड्याचं पुस्तक तिनं लावून दिलं असतं तर? त्या यंत्रानं काही गाळलं नसतं. मी म्हटलं, "नको गं, त्यांना यंत्राचा आवाज सहन होत नाही. आणि वाद घालायला माणूस लागतं त्यांना." शेवटचं वाक्य खरं होतं. म्हणूनच ते चालून गेलं.

बाई नागपूरला जायच्या ठरल्या. कोणी जबरदस्ती केली नाही, त्यांनीच ठरवलं. सामान बांधण्याचं सगळं माझ्याकडे आलं. कुठल्या खोक्यात काय, कोणाला काय द्यायचं, ट्रक कधी लागणार — मी ते इतकं सुरेख केलं की बिल्डिंगमधल्या बायका म्हणाल्या, असं शिफ्टिंग बघितलं नाही. प्रज्ञानं माझे हात धरले. "ताई, तुम्ही नसता तर आईचं काय झालं असतं?"

काय झालं असतं? — अजून त्या खालच्याच मजल्यावर असत्या. कडक चहा करत असत्या.

निघायच्या दिवशी दुपारी खोक्यांच्या मधोमध बाई एका खुर्चीवर बसल्या होत्या. प्रज्ञा खाली ट्रकवाल्याशी बोलायला गेली होती. इतिहासाची पुस्तकं त्यांनी शाळेला दिली होती. रहस्यकथा माझ्यासाठी बाजूला काढल्या होत्या. मी शेवटचं खोकं बांधत होते. बाई म्हणाल्या, "थांब. मीट ते."

मी थांबले.

"नीलिमा, एक विचारते. खरं सांगायचं. ते अंडं — खरंच आलं होतं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. समोर भिंतीकडे बघत होत्या, म्हणजे मी त्यांच्या नजरेच्या कडेला येईन अशा. त्यांना जे थोडं दिसत होतं ते त्या कडेनंच दिसत होतं. म्हणजे त्या माझ्याकडेच बघत होत्या. हे मला नंतर कळलं, त्या वेळी नाही — नाही, खोटं कशाला बोलू, त्या वेळीच कळलं होतं.

त्यांना संशय आला होता. त्यांनी सगळं जुळवलं होतं, बहुतेक. जे ऐकलं ते आठवतं, जे नेमकं महत्त्वाचं तेवढंच आठवत नाही — असं डोकं कसं बिघडेल? त्यांच्यासारख्या बाईला हे कळणारच होतं. फक्त पुरावा नव्हता. एकच साक्षीदार, ती बाजूला सुतळी हातात धरून उभी. जिन्यात प्रज्ञाच्या चपलांचा आवाज येत होता. वेळ होता. एक वाक्य बोलण्यापुरता भरपूर वेळ होता.

"आलं होतं, बाई," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "मग ठीक आहे," म्हणाल्या. "मग जाते तेच बरोबर."

हे ते. पानं गाळली ते नाही, पहिल्यांदा खोटं बोलले तेही नाही. हे. त्यांनी जणू पुस्तक मिटायला सांगून माझ्यासमोर निकाल ठेवला होता, बरोबर निकाल, आणि मी त्यांना सांगितलं की तो चुकला.

त्यांची रहस्यकथांची पुस्तकं आता माझ्या कपाटात आहेत. अंड्याचं पानही त्यात आहे, जिथे होतं तिथेच.

गुरुवार अजून चालू आहेत. मी फोन लावते, प्रज्ञा तो स्पीकरवर टाकून आईच्या उशाशी ठेवते, मी वाचते. आता मी काही गाळत नाही. बाग वाचते, पाऊस वाचते, चर्चची जत्रा वाचते. स्वयंपाकिणीचे गुडघे तर सावकाश, शब्द मोकळे करत वाचते. पुस्तक आधी घरी वाचत नाही. खुनी कोण ते मलाही माहीत नसतं.

हे कुठे छापून आलं तरी बाईंना दिसणार नाही. कोणीतरी वाचून दाखवावं लागेल. त्यांना वाचून दाखवते ती मी.

काल गुरुवार होता. एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनवरची गोष्ट, शेवटची प्रकरणं उरलेली. सगळे धागे पुढ्यात आले होते. पूर्वीच्या बाईंनी कधीच हात वर केला असता. मी पान संपवून थांबले. फोनमधून त्यांच्या खोलीतल्या पंख्याची घरघर ऐकू येत होती.

"का गं, थांबलीस?"

"काही नाही बाई. तुम्हाला काय वाटतं? कोणी केलं असेल?"

"मला काय विचारतेस," बाई म्हणाल्या, "माझ्या कुठं लक्षात राहतं? तू वाच."

मी वाचलं.